तोटा सोसून स्पर्धक संपवणं: ही स्पर्धा की दादागिरी?

धागाकर्ता:
डायपर्स डॉट कॉमचं प्रकरण पुन्हा वाचलं आणि संताप आला. ही साइट चालवणारी क्विड्सी ही न्यू जर्सीतली कंपनी. 2009 मध्ये ॲमेझॉनने 'विकायचा विचार करा' असं सुचवलं, मालक नाही म्हणाले. लगेच ॲमेझॉनवर डायपर 30 टक्क्यांपर्यंत स्वस्त! क्विड्सीने मुद्दाम आपले भाव बदलून पाहिले, तर पाठोपाठ तिकडचेही बदलले. सप्टेंबर 2010 मध्ये आणखी सवलतींची 'ॲमेझॉन मॉम' योजना आली आणि नोव्हेंबरात 54.5 कोटी डॉलरना कंपनी ॲमेझॉनच्या खिशात. एका महिन्यात डायपरवर 20 कोटी डॉलर बुडवायची ॲमेझॉनची तयारी होती, हे 2020 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने त्यांच्याच कागदपत्रांवरून मांडलं. याला मी धंदा म्हणणार नाही.

ग्राहकराजा:
पण आईबापांना डायपर स्वस्त मिळाले ना? वॉलमार्ट, टार्गेटसारखी मोठी दुकानं होतीच की. आणि मालक काही देशोधडीला लागले नाहीत. त्यांच्यातल्या मार्क लोर यांनी पुढे जेट डॉट कॉम काढली, ती 2016 मध्ये वॉलमार्टने सुमारे 330 कोटी डॉलरना घेतली.

धागाकर्ता:
मालकांचं भलं झालं, मान्य. पण कंपनी हातात आल्यावर 'मॉम'च्या सवलती आखडल्या, आणि 2017 मध्ये नफा होत नाही म्हणून साइटच बंद केली. स्वस्ताई टिकली किती? असं पाहिल्यावर या धंद्यात उतरणाऱ्या पुढच्या माणसाला भांडवल कोण देईल?

कायदेवाला:
तोटा सोसून स्पर्धक संपवल्याचा आरोप कोर्टात टिकवणं महाकठीण. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या ब्रूक ग्रुप निकालानुसार दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: भाव खर्चाखाली होता, आणि तो तोटा पुढे वसूल होण्याची शक्यता होती. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात तर आधी बाजारातलं वर्चस्वच सिद्ध करायचं. जिओच्या फुकट सेवेविरुद्धची एअरटेलची तक्रार 2017 मध्ये स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर फेटाळली.

ग्राहकराजा:
आणि ते बरोबरच होतं! नवा माणूस भाव पाडूनच बाजारात शिरतो. प्रत्येक सवलतीची चौकशी लावली तर फायदा जुन्या, बसलेल्या कंपन्यांचा.

धागाकर्ता:
नव्याला खुशाल सूट द्या. पण दुसऱ्या धंद्यातला पैसा ओतून जो खर्चाखाली विकतो, त्याने हिशेब आयोगापुढे ठेवावा, आणि ज्याला घायकुतीला आणलं त्यालाच विकत घ्यायला काही वर्षं बंदी असावी. एवढं झालं असतं तर क्विड्सीविरुद्ध भाव पाडून ॲमेझॉनच्या हाती काय लागलं असतं?