मदत हवी आहे: स्केटपार्कचा पाया, काँक्रीट आणि पाण्याचा निचरा

नमस्कार. कसबा बावडा परिसरातील मुलांसाठी लहानसा सार्वजनिक स्केटपार्क (स्केटिंगसाठी उतार व रॅम्प असलेली जागा) उभारावा, असा आम्हा काही पालकांचा विचार आहे. सध्या ही मुले वाहने चुकवत रस्त्यावरच स्केटिंग करतात, आणि ते पाहवत नाही.

प्लायवूडचे रॅम्प स्वस्त पडतात, परंतु कोल्हापूरच्या पावसात त्यांचे थर फुगून सुटतील; लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि जोडांपाशी गंजतो. मध्य प्रदेशातील जनवार या गावी २०१५ साली झालेला पार्क काँक्रीटचाच आहे, त्यामुळे आमचाही कल तिकडेच आहे.

खरी चिंता जमिनीची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम थराथराने दाबून भरावा लागेल, हे समजते. मात्र किती खोलीपर्यंत, हे कसे ठरवावे? २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहता खोलगट बाऊल (वाडग्यासारखा खड्डा) टाळून उंचवट्यावर बुटके रॅम्प घेणे आम्हाला योग्य वाटते.

स्केटबोर्डचे चाक लहान आणि कडक असल्याने बारीक खडा किंवा जोडातील किंचित उंचवटाही मुलाला तोंडावर पाडू शकतो. वक्र पृष्ठभागाची अशी गुळगुळीत घोटाई करणारे गवंडी येथे मिळतील का? एम-३० (ताकदीनुसार ठरणारी प्रत) काँक्रीट पुरेसे होईल का, आणि रॅम्पच्या काठाचा पाइप गॅल्व्हनाइज्डच (गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला) घ्यावा का? स्थापत्य अभियंत्यांनी व प्रत्यक्ष स्केटिंग करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.