मदत हवी आहे: बांधावरचा हिवर शेजाऱ्यांनी राखावा म्हणून त्यांच्याशी कसं बोलावं? (उत्तर सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या पुढं. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी घरची सात एकर कसायला परत आलो. प्रश्न झाडांचा आहे. पण कोणती रोपं लावू, कुठून आणू, असा नाही. रोपं आपली आपण उगवताहेत. ती जगू द्यायची आहेत, आणि ज्या बांधावर ती उगवतात तो बांध माझा नाही.

आमच्या ओढ्याच्या काठानं आणि जुन्या बांधांवर हिवर आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाभळीचाच भाऊबंद, काटे तसेच, पण खोड फिकट पांढुरकं-पिवळसर, लांबून ओळखू येतं. पाऊस सरत आला की पिवळट पांढऱ्या फुलांनी भरून जातो आणि त्याच्याखाली मधमाश्यांचा आवाज घुमतो. उन्हाळ्यात माळ करपलेला असतो तेव्हा शेळ्यांना ह्याच्याच शेंगा.

मागच्या जूनमध्ये मी ओढ्यापासून गावठाणापर्यंतचे बांध चालत फिरलो आणि हिवर मोजले. एकतीस भरले. सगळे जुने, कवेत न मावणारे. मनगटाएवढ्या खोडाचा एकही नाही. आजोबा आहेत, मुलं-नातवंडं नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा मोजले तेव्हा सव्वीस राहिले होते.

जुलैत जुन्या झाडाच्या आसपास बोटभर रोपं दिसतात, शिवाय तोडलेल्या झाडाच्या मुळातून फुटवे येतात. पुढं काय होतं ते मी वर्षभर पाहिलं. काही शेळ्या खातात. काही तणनाशकाच्या फवाऱ्यात जळतात, कारण हल्ली बांध खुरपत कोणी नाही, पंप मारतात. ज्यांच्याकडं ऊस आहे ते पाचट पेटवतात, ती आग बांधावर चढते. उरलीसुरली जेसीबीच्या दातात जातात, कारण दर चार-दोन वर्षांनी कोणीतरी बांध कोरून नांगराची दोन तासं (ओळी) जास्तीची काढतो. दुष्काळात तग धरणारं झाड माणसाच्या चार सवयींपुढं टिकत नाही.

मध्यंतरी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या ओक वृक्षांबद्दल वाचलं आणि चमकलो. आपल्याकडं तो वृक्ष नाही, पण दुखणं हेच. तिथली ओकची बहुतेक रानं खासगी मालकीच्या कुरणांत आहेत. म्हातारे वृक्ष उभे आहेत आणि काही जातींची कोवळी रोपं गुरं, हरणं, उंदीर मोठी होऊच देत नाहीत. लोक रोपाभोवती नळी किंवा जाळी उभी करतात. पण त्याआधी मालकाशी बोलावं लागतं, कारण जमीन त्याची. माझं घोडं इथंच अडलंय.

मी काय चूक केली तीही सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला अंदाज येईल. मोजणीच्या वेळी मोबाइलवर प्रत्येक झाडाचा फोटो घेत होतो, वहीत गट नंबर लिहीत होतो. शेजारच्या एका तात्यांच्या मुलानं ते पाहिलं. आठवड्याच्या आत त्यांच्या बांधावरचे दोन हिवर आडवे झाले. व्यापाऱ्यानं उभ्या झाडाचे पैसे हातावर ठेवले आणि नेले. तात्या मला नंतर म्हणाले, "तू लिवून घेतलास, म्हटलं उद्या तोडायची बी परवानगी ऱ्हाणार न्हाई." त्या दोन झाडांचा दोष मी माझ्याकडं घेतो.

बाहेरच्यांना ही भीती वेडगळ वाटेल. आमच्या भागात ती हवेतून आलेली नाही. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात शेकडो गावं आणि लोकांच्या मालकीची शेतं आली. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधली तेहतीस वर्षं दोन पिढ्यांनी 'आपल्या जमिनीचं काय होणार' ह्या काळजीत काढली. त्यामुळं झाड, नोंद आणि नकाशा हे तीन शब्द एका वाक्यात आले की माणूस चहा अर्धा ठेवून उठतो.

शेतकऱ्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलंय आणि ते खोटं नाही. पसरलेल्या हिवराच्या सावलीत मालदांडी ज्वारीची दोन-तीन ताटं बारीक राहतात. कणीस भरलं की पाखरं आधी झाडावर बसतात, मग पिकात उतरतात. काटा बैलाच्या खुरात आणि ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो. आणि बांध सामाईक असला तर झाड कुणाचं ह्यावरून भावकीत बोलाचाली होते, म्हणून दोघं मिळून ते काढूनच टाकतात. भांडण मिटवायचा तोच सोपा उपाय ठरतो.

तर मला हे हवंय: जुनं झाड राहू द्या असं नुसतं म्हणण्यापेक्षा प्रत्येक बांधावर तीन-चार रोपं दहा वर्षं जगू द्या, हे मालकाच्या गळी कसं उतरवायचं? त्याला काय मिळेल असं सांगू? पैसे द्यावेत का? द्यायचे तर रोप लावल्याचे न देता जगल्याचे, असं मनात आहे. सामाईक बांधावर बोलणी कुणाशी आधी करायची? आणि कागद करायचाच नाही का, की असा एखादा कागद आहे ज्याला लोक घाबरत नाहीत?

तुमच्या गावात कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: सुगरण

धागा वाचून बरं वाटलं, पण एक कळकळीची विनंती आधी. उत्साहात माळावर झाडं लावू नका. नान्नजचा माळ हा गवताचाच असायला हवा. माळढोक आणि धाविक हे पक्षी, काळवीट, लांडगा ह्यांना मोकळं गवत लागतं, दाट झाडी नाही. गवताळ माळ पडीक समजून तिथं ग्लिरिसिडिया ह्या बाहेरून आलेल्या झाडाच्या रांगा लावल्याचं नुकसान आपण पाहिलंय. हिवर-बाभळीची जागा ओढाकाठ, बांध, विहिरीची कड. तुम्ही तिथंच थांबणार असाल तर मी तुमच्या बाजूनं.

प्रतिसाद: निवृत्त तलाठी

जमीन महसूल संहिता १९६६, कलम २५. खातेदाराच्या जमिनीतलं झाड खातेदाराचं. हे वाक्य तात्यांना पहिल्या भेटीत सांगा, त्यानं निम्मी भीती जाते. तोडीसाठी परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्यात आहे. आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन त्यात आहेत, हिवर नाही. म्हणजे रोप राखल्यानं तात्यांचे हात बांधले जात नाहीत. शहरातल्या झाडांचा कायदा वेगळा, १९७५ चा. पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' म्हणायची तरतूद २०२१ साली झाली ती त्यात. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि घाबरतात.

कागदाचं विचारलंत. ई-पीक पाहणी ह्या पीक नोंदवायच्या सरकारी ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. ती नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून स्वतः करतो. तुम्ही त्याच्या शेतात वही घेऊन उभं राहणं वेगळं आणि त्यानं आपल्या पिकाबरोबर आपलं झाड लिहिणं वेगळं. पण पहिल्या वर्षी त्याचाही विषय काढू नका.

सामाईक बांध असेल तर दोघांना एकत्र बसवून सुरुवात करू नका. एकत्र बसले की जमिनीच्या मोजणीचा विषय निघतोच. आधी ज्याच्या बाजूला सावली पडते त्याच्याकडं जा. तक्रार त्याची असते.

प्रतिसाद: बार्शीकर

आमच्याकडं शेतकऱ्याला हिवरापेक्षा रामकाठी बाभूळ पटते. ती सरळ वर जाते, केरसुणीसारखी, फांद्या पसरत नाहीत, सावली कमी. औताला लाकूड, शेळीला शेंग, शिवाय डिंक. पिकाच्या मधल्या बांधावर रामकाठी आणि ओढ्याला हिवर अशी वाटणी करून बघा. हिवर बांधावरच हवा असेल तर खालच्या फांद्या लहानपणापासून छाटत न्या. डोक्याच्या वर छत्री गेली की औत खालून फिरतं आणि ऊन तिरपं आत येतं. छाटलेल्या काट्या टाकायच्या नाहीत, त्याच दुसऱ्या रोपाभोवती रचायच्या. जाळीचा खर्च नको आणि शेळी तोंड घालत नाही.

आफ्रिकेतल्या नायजर देशात १९८० च्या दशकात हेच झालं. टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ झाडं लावून लावून थकले, ती जगेनात. मग त्यांच्या लक्षात आलं की शेतात जे झुडूप म्हणून दरवर्षी छाटलं जातंय ते जुन्या झाडाचं जिवंत मूळ आहे. चार-पाच फुटवे ठेवायचे, बाकी काढायचे. पुढं पन्नास लाख हेक्टरवर झाडं परत आली. तिथं पूर्वी झाड सरकारचं अशी समजूत होती. झाड आपलं आहे ही खात्री पटल्यावर लोक राखू लागले. तलाठीसाहेबांचं कलम २५ म्हणून महत्त्वाचं.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. सुगरण, माळाला हात लावणार नाही. आमच्या घरात माळढोक पाहिलेली शेवटची व्यक्ती माझे वडील. तो माळ तसाच राहावा ही माझीही इच्छा आहे.

संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या निमित्तानं तात्यांकडं गेलो. वही नेली नाही, मोबाइल खिशात ठेवला. आधी माफी मागितली. मग कलम २५ सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आसं कुणी सांगितलंच न्हवतं." तोडलेल्या दोन्ही बुंध्यांना फुटवे आलेत, ते त्यांनीच दाखवले. ते आधीच पाहून ठेवले होते, ह्याचं मला फार बरं वाटलं. एका बुंध्यावर दोन आणि दुसऱ्यावर तीन जाडसर फुटवे ठेवायचे, बाकी शेळ्यांना. काट्यांचं कुंपण मी करणार. त्या दोन जागांपुरतं तणनाशक मारायचं नाही, तिथलं तण मी खुरपून देणार. पैशांचा विषय काढला तर ते रागावले. म्हणाले, "माझ्या बांधावरचं झाड, तू कशाला पैसे देतोस?" सावलीत ज्वारी कमी भरली तर तेवढा कडबा माझ्या रानातून द्यायचा, असं मीच म्हटलं, ते मात्र चाललं.

पलीकडच्या बांधकऱ्याशी अजून बोललो नाही. सावली जास्त त्याच्याच बाजूला पडते, म्हणजे आधी त्याच्याकडं जायला हवं होतं.

आता एक व्यवहारातला प्रश्न. ओढ्याच्या मोकळ्या काठाला, माझ्याच हद्दीत, बी टोकायचंय. पिशवीतलं रोप नको, कारण हिवराचं सोटमूळ खोल जातं आणि पिशवीत ते वेटोळं होतं. बाभळीच्या बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवतात हे माहीत आहे. पण आमच्याकडचे धनगर म्हणतात, शेळ्यांना शेंगा चारा आणि सकाळी वाड्यातल्या लेंड्यांतलं बी वेचा, ते लवकर उगवतं. बाभळीसाठी हे जुन्या लोकांनी केलेलं मी ऐकलंय. हिवरासाठी कुणी केलंय का? मृगाच्या आधी किती दिवस बी गोळा करून ठेवलं होतं, आणि टोकताना लेंडीसकट टोकलं की धुऊन?