क्रीममध्ये पारा आहे का, हे सोलापुरात कुठे तपासून मिळेल?

माझ्या धाकट्या बहिणीने नवी पेठेतल्या एका दुकानातून गोरेपणाची क्रीम आणून दोन महिने लावली. आता गाल लालबुंद झालेत, उन्हात गेली की आग होते. क्रीम बंद करून बारा दिवस झाले. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलंय. त्यांना स्टेरॉईडचा संशय आहे, त्याचे उपचार चालू आहेत. त्यामुळे हळद, लिंबू, कोरफड कृपया सुचवू नका.

माझी काळजी वेगळी आहे. डबीवर घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. तळाशी फक्त बारीक अक्षरात ‘दागिन्यांना लागू देऊ नये’. पारा सोन्याला धरतो, म्हणून ती ओळ वाचून पोटात गोळाच आला. पाऱ्याचा मूत्रपिंडावर परिणाम होतो, आणि बहिणीचं बाळ सात महिन्यांचं, अंगावर पिणारं आहे. तिची लघवीतल्या प्रथिनांची तपासणी नॉर्मल आली.

दोन पॅथॉलॉजीत विचारलं, ते क्रीम तपासत नाहीत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहक फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. पावती नाही, अर्धी डबी शिल्लक आहे. कुणी असा अर्ज केलाय का? नमुना किती लागतो आणि उघडलेली डबी चालते का?