'कर्ब'चं श्रेय आराखड्याला की नटांना?

कागदवाला
लॅरी डेव्हिडच्या 'कर्ब युअर एन्थुझिअ‍ॅझम'चा (एचबीओवरची विनोदी मालिका, २००० ते २०२४, १२ सीझन; लॅरीच तिचा लेखक आणि तिच्यात स्वतःच्याच नावानं वावरणारा नायक) विषय निघाला की लोक 'संवाद लिहिलेलेच नसतात' एवढं सांगून थांबतात. खरं आहे, नसतात. पण प्रत्येक भागाचा सात-आठ पानांचा आराखडा असतो. प्रसंग कुठे सुरू होणार, कोणती माहिती बाहेर पडलीच पाहिजे, कुठे संपणार, हे त्यात पक्कं असतं. २००७ मधला अज्ञात दात्याचा भाग घ्या. लॅरी एका संस्थेच्या इमारतीसाठी देणगी देतो, भिंतीवर त्याचं नाव लागतं. दुसऱ्या भिंतीवर नुसतं 'अज्ञात'. तो अभिनेता टेड डॅन्सन आहे हे टेडनेच लोकांच्या कानात सांगून ठेवलंय, त्यामुळे वाहवा सगळी त्याची! हा पेच सेटवर उभ्या उभ्या सुचत नाही. माझ्या लेखी ही लेखकाचीच मालिका.

रंगपट
पेच लिहिलेला असतो, मान्य. पण हसू येतं ते तो चिघळतो कसा त्यावर. लॅरीच्या मॅनेजरची बायको सूझी नवं घर हौसेनं दाखवायला निघते. लॅरी म्हणतो, राहू दे, खोल्या असतील, बाथरूम असतील, कळलं. ती त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढते. कागदावर याला एक ओळ पुरते. सूझी एस्मनचा उखडण्याचा वेग आणि लॅरीचा 'यात माझं काय चुकलं' असा चेहरा त्या ओळीत नसतो. आणि लिऑन? ती भूमिका करणारा जे. बी. स्मूव्ह सहाव्या सीझनला एका कुटुंबाबरोबर आला. कुटुंब गेलं, तो शेवटच्या सीझनपर्यंत लॅरीच्या घरी राहिला. ही जागा नटानं कमावलेली आहे.

जोडकाम
तुम्ही दोघंही संकलन विसरताय. लिहिलेल्या प्रसंगात आधी एकाचे क्लोजअप, मग दुसऱ्याचे घेता येतात, कारण वाक्यं तीच राहतात. इथे दुसऱ्या टेकला वाक्यच बदलतं. म्हणून दोघांवर दोन कॅमेरे एकदम चालवावे लागतात, नाहीतर टोमणा मिळतो आणि ऐकणाऱ्याची खरी दचक हातची जाते. मग लायटिंगही दोन्ही बाजूंनी चालेल असं, सपाट ठेवावं लागतं.

आवाजाची भानगड त्याहून मोठी. नट एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. प्रत्येकाला वेगळा लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) आणि वेगळा ट्रॅक नसेल तर एकाचं वाक्य कापताना दुसऱ्याचं अर्धं तुटतं. शिवाय कंटिन्युइटी: पहिल्या टेकला ग्लास हातात, चौथ्याला टेबलावर, आणि सगळ्यात चांगलं वाक्य नेमकं चौथ्यात. मग मध्ये ऐकणाऱ्याचा चेहरा टाकून सांधा झाकायचा. तो चेहराच शूट केला नसेल तर वाक्य सोडून द्यावं लागतं, कितीही जीव अडकला तरी.

कागदवाला
पण काय ठेवायचं ते गोष्टच ठरवते ना? चौथ्या सीझनमध्ये विनोदी दिग्दर्शक मेल ब्रूक्स लॅरीला आपल्या ब्रॉडवे नाटकात मुख्य भूमिका देतो. का दिली, याचं उत्तर अगदी शेवटच्या भागात मिळतं: त्याला नाटक पाडून त्यातून सुटायचं होतं. सीझनभर आधी पेरलेलं हे बी आयत्या वेळच्या संवादातून उगवेल का?

वगप्रेमी
तमाशातल्या वगातही गोष्ट ठरलेली आणि बोलणं आयत्या वेळचं, त्यामुळे आपल्याकडे ही रीत परकी नाही. तरी असं काही करायला निघालेली मराठी मंडळी आराखड्यातच विनोद लिहून ठेवतात. मग नट तो पंच गाठायला धावतो आणि समोरच्याचं ऐकतच नाही. त्याऐवजी गरज लिहा: याला पाच मिनिटांत निघायचंय, तिला त्याला जेवायला बसवायचंय. तिचं तिला सांगा, त्याचं त्याला. एकमेकांचं सांगू नका. पहिला टेक कितीही भरकटला तरी मध्ये 'कट' म्हणू नका, कारण पुढच्या टेकला जे ठेवायचं ते त्या भरकटण्यातच सापडतं. आणि तिथे ते शोधून देतो नट. म्हणून माझं मत रंगपट यांना.