डेन्मार्कच्या तळ्यात रोमन तलवारी कशा पोहोचल्या?

जुनी_माती : डेन्मार्कमधील इलेरुप ओडाल येथे एका प्राचीन तळ्याच्या जागी सुमारे १५,००० वस्तू सापडल्या असून त्यांत रोमन पात्यांच्या शंभराहून अधिक तलवारी आहेत, असे वाचनात आले. रोमचे राज्य तिथवर कधीच पोहोचले नव्हते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती व्यापारातून आली, हे सहज पटते. परंतु शेजारच्या टोळ्यांना कोणते साम्राज्य तलवारी विकेल? मग ही रोमन सैन्याकडून मिळवलेली लूट मानावी काय?

उत्खननप्रेमी : लूट आहे, परंतु ती एका जर्मानिक (म्हणजे रोमन सीमेपलीकडील उत्तर युरोपातील टोळ्यांच्या) सैन्याने दुसऱ्याकडून घेतलेली. इ.स. २०० च्या सुमारास समुद्रमार्गे चालून आलेल्या सैन्याचा डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पात पराभव झाला आणि विजेत्यांनी शत्रूच्या तलवारी वाकवून, ढाली फोडून, भाल्यांचे दांडे मोडून सर्व काही तळ्याला अर्पण केले. उत्खनन करणारे यॉर्गेन इल्कियेर यांनी सैनिकांच्या फण्या आणि आग पेटवण्याच्या चकमकीची पोलादे तपासून हे आक्रमक नॉर्वे आणि पश्चिम स्वीडनकडचे असावेत, असा निष्कर्ष काढला. मला तो या साऱ्या संशोधनातील सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण शस्त्रे हातोहात फिरतात, पण फणी माणूस घरूनच आणतो. तलवारींच्या पात्यांवर रोमन कारखान्यांचे शिक्के आहेत, मुठी मात्र बऱ्याचदा स्थानिक घडणीच्या आहेत. त्यावरून निदान काही पाती सुटीच उत्तरेला गेली असावीत, असे मी मानतो.

सनद_वाचक : पाती सुटीच उत्तरेला गेली, या वरील मताला रोमन कायद्याचा आधार मिळतो. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीचा रोमन विधिज्ञ पाउलुस सांगतो की लोखंड, धान्य, मीठ, इतकेच नव्हे तर लोखंडाला धार लावण्याचा दगडसुद्धा शत्रूला विकणाऱ्याला देहदंडाची शिक्षा आहे. धारेच्या दगडापर्यंत बंदी न्यावी लागली, यावरून सीमेवर चोरटी विक्री चालत असणार, असे मला वाटते.

उत्तरवारा : सर्वच शस्त्रे विकत घेतलेली नसावीत. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विगमधील थॉर्सबेर्गच्या दलदलीत ढालीच्या मध्यभागी बसवायची धातूची वाटी मिळाली, तिच्यावर ‘एलियस एलियानस’ असे रोमन नाव कोरलेले आहे. मालकाचे नाव असलेली वस्तू कारखान्यातून थेट विक्रीस गेली, असे म्हणणे कठीण आहे. शिवाय अनेक जर्मानिक तरुण रोमच्या साहाय्यक पथकांत चाकरी करून घरी परतत, आणि इ.स. १६६ ते १८० या काळात रोम आणि जर्मानिक टोळ्यांत झालेल्या मार्कोमान्नी युद्धांतही बरीच शस्त्रे हाती लागली असतील. तलवारींनाच एवढी मागणी का, याचे उत्तर रोमन इतिहासकार टॅसिटसकडे आहे : इ.स. ९८ मध्ये तो लिहितो की जर्मानिक लोकांकडे लोखंड विपुल नाही आणि तलवार वापरणारे विरळाच.

जुनी_माती : सर्वांचे मनापासून आभार. पाते आणि मूठ यांचा इतिहास वेगवेगळा असू शकतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ऑर्हुसजवळच्या मोसगोर संग्रहालयात हा संग्रह पाहण्याचा योग आला, तर आधी मुठी पाहीन.