विमानात फोन आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

परवा पुण्याहून नागपूरला सकाळचं पहिलं विमान होतं. पहिलं विमान म्हणजे घरातून साडेतीनला निघायचं, त्यामुळे सगळं झोपेतच चाललेलं. फोन गुणी मुलासारखा फ्लाइट मोडवर टाकला, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात कोंबला, बॅग वर टाकली आणि डोळे मिटले. सहा दहाला, विमान चढतंय, सीटबेल्टचा दिवा चालू, कोणाला उठायची परवानगी नाही, आणि वरच्या कपाटातून कोंबडा आरवला. माझा रोजचा अलार्म. फ्लाइट मोडवर अलार्म वाजतो हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. एक मिनिट आरवून तो गप्प बसला, मी हुश्श केलं, पाच मिनिटांनी स्नूझ संपून परत सुरू. मागच्या रांगेतल्या पोराने आईला विचारलं, "विमानात कोंबडी पण आणतात?" सगळे हसले आणि मीही शेजाऱ्याकडे बघून हसलो, जसं काही तो कोंबडा दुसऱ्याच कोणाचा होता.

तर तुम्ही फोन खरंच फ्लाइट मोडवर टाकता का, आणि टाकला किंवा नाही टाकला म्हणून काय काय झालं, ते लिहा. इथे कोणी दंड करणार नाही.

बिनधास्त_बंडू
मी कधीच टाकत नाही. सात-आठ वर्षं दर महिन्याला मुंबई-बंगलोर चाललंय, एकही विमान पडलेलं नाही. सगळा दिखावा आहे.

जुना_हँगरवाला
बंडूशेठ, पडत नाही हे मान्य. मी एकतीस वर्षं विमानांच्या रेडिओवर आणि दिशादर्शक यंत्रांवर काम केलंय, आता रिटायर्ड, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या टूजी फोनचा कॉल यायच्या आधी टीव्हीच्या स्पीकरमधून टर्रर्र-टिक-टिक-टिक यायचं आठवतंय का? तेच पायलटच्या हेडफोनमध्ये यायचं. मी स्वतः ऐकलंय, विमान जमिनीवर उभं असताना, टेस्टिंग करताना, आणि फोन माझाच होता खिशात. त्याने पंख गळून पडत नाही, पण ढगातून उतरताना कंट्रोल टॉवरने सांगितलेला उंचीचा आकडा त्या टर्ररमध्ये गेला तर परत विचारावा लागतो, आणि उतरतानाची दहा मिनिटं परत विचारत बसायची नसतात. आताच्या फोनचा हा त्रास खूप कमी आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेत १९९१ मध्ये उडत्या विमानात मोबाईलवर बंदी आली ती विमानखात्याने नाही, तिथल्या सरकारी टेलिकॉम खात्याने घातली. जमिनीवर तुमच्या फोनला दोन-चार टॉवर दिसतात, वर गेला की एकदम कितीतरी दिसतात, शिवाय ताशी आठशे किलोमीटरने टॉवर बदलत जायचे. म्हणजे काळजी विमानाची कमी आणि खालच्या नेटवर्कची जास्त होती. फोन पूर्ण बंदच करा ही कटकट तिकडे ऑक्टोबर २०१३ मध्ये संपली, आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमानखात्याने, एप्रिल २०१४ मध्ये फ्लाइट मोडला परवानगी दिली.

आणि "कधीच काही होत नाही" असं मी तरी म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चजवळ २००३ साली एक छोटं विमान उतरताना कोसळलं, पायलटचाच फोन शेवटची काही मिनिटं कॉलवर चालू होता. फोनमुळे यंत्राने चुकीचं दाखवलं असण्याची शक्यता चौकशीत लिहिली. शक्यता म्हणून लिहिली, कारण म्हणून नाही, हा फरक आमच्या धंद्यात फार मोठा असतो.

बिनधास्त_बंडू
बरं काका, टाकतो पुढच्या वेळी. तसंही न टाकल्याने बॅटरी फार खाल्ली जाते हे माझ्या लक्षात आलंय, मुंबईला ८० टक्के असते आणि बंगलोरला उतरताना ५०. फोन बिचारा वर टॉवर शोधत बोंबलत असतो.

नेवार्कची_आजी
मुलाकडे पहिल्यांदा एकटी निघाले होते, दुबईमार्गे. मुलाने सगळं शिकवलं होतं पण फ्लाइट मोडचं राहिलं, आणि घोषणा झाली तेव्हा मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. मध्येच समुद्रावर असताना फोन थरथरला, कसल्याशा नेटवर्कमध्ये स्वागत आहे असा मेसेज. मला वाटलं चला, अमेरिका जवळ आली. काही विमानांत छोटा टॉवरच बसवलेला असतो, उपग्रहावरून चालतो, आणि त्याचे दर आकाशातलेच असतात, हे नंतर मुलाने सांगितलं. मी एक कॉलही केला नाही हो! फक्त आमच्या भिशीच्या ग्रुपवर सगळ्यांनी शुभ प्रभातची फुलं टाकली होती ती आपोआप उतरत राहिली. बिल आलं नऊ हजार दोनशे. मुलगा कंपनीशी दोन आठवडे भांडला तेव्हा निम्मं माफ झालं. भिशीत ही गोष्ट सांगितली तर एक म्हणते, मग निदान माझं गुलाबाचं फूल तरी नीट बघितलंस का.

माजी_केबिनक्रू
आजी, तुमच्या चष्म्यासाठी आम्ही परत एकदा चक्कर मारायला हवी होती.

मी नऊ वर्षं नोकरी केली. लोकांना वाटतं आम्ही सिग्नलवरून टोकतो. सिग्नल हा एक भाग झाला, पण टेक-ऑफ लँडिंगला तुम्ही आमचं ऐकायला हवं असता, म्हणून कानातलं काढा, लॅपटॉप ठेवा ही भुणभुण. मला खरी भीती वाटायची ती बॅटरीची. एकदा पुढच्या मोठ्या सीटवर, ती बटणाने आडवी होते ना, एका काकांचा फोन फटीत पडला. फोन दिसेना म्हणून ते बटण दाबून सीट पुढेमागे करायला लागले. मी अक्षरशः धावत गेले, सर सीट हलवू नका. ते म्हणाले, "अहो मॅडम, एक लाख दहा हजारांचा फोन आहे माझा." म्हटलं म्हणूनच. सीटच्या यंत्रात फोन चिरडला की आतली लिथियमची बॅटरी पेटते, आणि ती आग एकदा विझली तरी परत भडकू शकते, पाणी ओतून थंड करत बसावं लागतं, चौतीस हजार फुटांवर. काकांना उठवलं, गादी काढली, हात घालून फोन काढला, कोपरा चेपलेला आणि मागची काच तडकलेली. उतरेपर्यंत आम्ही तो आळीपाळीने बघत बसलो, एखाद्या तान्ह्या बाळाला ताप असावा तसं. काका मात्र दर दहा मिनिटांनी "आता देता का" विचारत होते. तर एवढंच सांगते, फोन सीटमध्ये गेला की हात लावू नका आणि बटण दाबा, सीटचं नाही, आम्हाला बोलवायचं.

२०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट सेव्हनच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा आम्हाला त्या फोनचं नाव घेऊन घोषणा करावी लागायची. ज्यांच्याकडे तो असायचा ते असा चेहरा करायचे की काय सांगू, महिनाभर आधी तोच फोन मुद्दाम हातात मिरवत आले असतील.

उजवी_खिडकी
मी उलट्या बाजूने लिहितो. फ्लाइट मोड म्हणजे सगळं बंद असं नाही, जीपीएस चालू राहतो, कारण त्यात फोन फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. खिडकीला लावून धरायचा, जरा वेळ लागतो, पण मग निळा ठिपका पळायला लागतो, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. मुंबई-नागपूरला जाताना उजवीकडची खिडकी घ्या आणि हवा स्वच्छ असू दे अशी प्रार्थना करा. एकदा डिसेंबरमध्ये मला ठिपक्याच्या खाली बरंच दक्षिणेला लोणार दिसलं, खरंच दिसलं, हिरवट काळं, कोणीतरी रुपया ठेवल्यासारखं. पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं विवर आणि वरून एवढंसं. मी बुलढाण्याचा, शाळेच्या सहलीत दोनदा उतरलोय त्यात, पण वरून बघून जे वाटलं ते वेगळंच. शेजारचा माणूस डाउनलोड करून आणलेली सिरीज बघत होता, त्याला म्हटलं बघा बघा, त्याने एक सेकंद बघितलं आणि म्हणाला, तलाव आहे का.

लोहगावकर
खिडकीवाले, पुण्यात मात्र जपून. लोहगाव हे हवाई दलाचं विमानतळ, उतरल्यावर घोषणा होते तरी माझ्या भाच्याने लढाऊ विमान दिसलं म्हणून व्हिडिओ काढला. क्रूने समोर उभं राहून डिलीट करायला लावला, रिसायकल बिनमधूनसुद्धा. गोव्यात दाबोळीला नौदल आहे, तिथेही तेच.

टॉवरवाला_टेलिकॉम
जानेवारी २०२२ मध्ये सासूसासरे अमेरिकेला निघाले होते, बॅगा भरलेल्या, लोणच्याच्या बरण्या चार-चार पिशव्यांत गुंडाळलेल्या, आणि १९ तारखेचं विमान रद्द. कारण काय तर अमेरिकेत फाइव्ह जी सुरू होतंय. सासरे मला विचारतात, तुमच्या मोबाईलमुळे आमचं विमान कसं काय रद्द होतं? घरात टेलिकॉमवाला मी एकटाच, म्हणजे आरोपीही मीच.

विमानात रेडिओ अल्टिमीटर असतो, खाली लहरी पाठवून जमीन किती फुटांवर आहे ते मोजतो, ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झला. अमेरिकेचं नवं फाइव्ह जी ३.७ ते ३.९८ ला, म्हणजे शेजारच्याच गल्लीत. धुक्यात उतरताना तो आकडा चुकला तर, ही भीती. तुमच्या खिशातल्या फोनचा यात फारसा संबंध नव्हता, धावपट्टीजवळच्या टॉवरचा होता. आपल्याकडे ३.३ ते ३.६७ आहे, म्हणजे जरा लांब, तरीही धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत असे टॉवर लावू नका असं नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्हाला सांगितलं गेलं. विमानतळावर उतरल्यावर फाइव्ह जी का येत नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लोणचं चार दिवस उशिरा पोचलं, चांगलं मुरलेलं.

सांगलीचा
लिहू का नको असं झालं होतं. २०१९ मध्ये दिल्लीहून पुण्याला येत होतो, बाबा सांगलीला आयसीयूमध्ये. दोन तास फोन फ्लाइट मोडवर. चाकं टेकली आणि नेहमीसारखं सगळीकडून टिंग टिंग सुरू झालं, उतरलो रे, बेल्टवर ये, कुठे उभा आहेस. मी फोन हातात धरून बसलो पण तो मोड काढला नाही. विमान थांबलं, दार उघडलं, बस आली, बॅग आली. बॅग गाडीवर ठेवली आणि मग काढला. दादाचा एकच मेसेज होता, सावकाश ये. आजारी माणूस असेल तर घाईने ये म्हणतात. मी गाडीवाल्याला सांगलीचा पत्ता सांगितला आणि दादाला उत्तर दिलं, निघालो.

आता कोणी विमानात फोन लगेच चालू केला की मला राग येत नाही.

माजी_केबिनक्रू
सांगलीचा, आम्ही दारात उभं राहून धन्यवाद म्हणायचो तेव्हा असे चेहरे दिसायचे. काय बोलावं कळायचं नाही.

वायफायवाली
माझा छोटा अनुभव. गेल्या वर्षी दिल्ली-मुंबई, विमानात वायफाय. आपल्या देशातल्या उड्डाणांवर २०२५ च्या सुरुवातीपासून काही विमानांत मिळायला लागलंय, ३००० मीटरच्या वर गेल्यावरच वापरता येतं. मी इतकी उत्साहात की घरच्या ग्रुपवर लिहिलं, मी आत्ता उदयपूरच्या वर आहे, पस्तीस हजार फुटांवरून बोलतेय! दोन निळ्या टिका आल्या. पाच मिनिटं शांतता. मग सासूबाईंचं उत्तर, येताना दही घेऊन ये, विरजण बिघडलंय.

बिनधास्त_बंडू
पण वायफायवर कॉल करायला देऊ नये हां कोणी. शेजारच्याचं दोन तासांचं प्लॉटचं भांडण ऐकण्यापेक्षा मी खाली उडी मारीन.

चिपळूणची_नात
आमच्या आजीचं पहिलं विमान, मुंबई-अहमदाबाद, मावशीकडे. घोषणा झाली, फोन बंद करा. आजीने बटण दाबून दाबून फोन पूर्ण बंद केला आणि रुमालात बांधला. तिकडे मावशी घ्यायला आली होती म्हणून काही अडलं नाही, पण आम्ही इकडून दोन दिवस फोन लावतोय, लागतच नाही. शेवटी मावशीच्या फोनवर विचारलं, आजी, फोन का बंद? म्हणाली, अगं त्या बाईने बंद करायला सांगितलं होतं, चालू करा असं कुठे कोणी म्हणालं?