मदत हवी आहे: १५० सीसी गाडी मागून आपटते, पुढून डुबकी मारते. शॉकअप बदलू की आधी दुसरं काही बघू?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, २०१८ ची, ४२,००० किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुठली कंपनी भारी यावरच चर्चा जाते. पुढं ३१ मिमीचे साधे टेलिस्कोपिक फोर्क (पुढच्या चाकाचे दोन पाय, आत स्प्रिंग आणि तेल), मागं दोन शॉकअप, पाच खाचांचे. रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी जाऊन-येऊन एकट्यानं, रविवारी डबलसीट पन्हाळा किंवा गगनबावडा. माझं वजन ७२, पत्नीचं ५८. मागं टॉपबॉक्स आहे, सामानासकट ६ किलो.

एकटा असताना मागचं चाक खड्ड्यातून उसळी मारतं, माकडहाडाला दणका बसतो. डबलसीट असलो की उलटं, स्पीडब्रेकरवर मागून ठक्क आवाज येतो. ब्रेक दाबला की पुढून खाली जाते. ७५-८० ला हँडल हलकं थरथरतं. तासाभरात तळहात बधिर. मागचे शॉकअप पाचव्या खाचेवर, हवा पंपावर भरतो, पुढं ३० आणि मागं ४० पीएसआय.

बजेट १२ हजार. गॅसचे शॉकअप, जेल सीट, रुंद टायर, हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे), यातलं आधी काय घेऊ?

प्रतिसाद १

यातलं काहीच आधी घेऊ नका. हँडल थरथरतंय ना, तिथून सुरुवात करा. बाकी सगळा आरामाचा प्रश्न आहे, तो एक जिवाचा आहे.

डबल स्टँड लावा, मागच्या बाजूला कुणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं ओढा. टक-टक लागलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला. मग हँडल एका बोटानं सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवा. बरोबर मधोमध खाच लागल्यासारखं अडकत असेल तर कोनसेटच्या वाट्यांना गोळ्यांचे खळगे पडलेत. असा कोनसेट नुसता आवळून चालत नाही. आवळला की खाच आणखी खोल जाणवते, हँडल आपोआप सरळ येत नाही आणि कमी वेगाला गाडी डुलते. नवा सेट घाला. टेपर रोलरचा मिळत असेल तर तोच घ्या, त्यात भार रेषेवर येतो, गोळ्यांसारखा एका ठिपक्यावर नाही, त्यामुळं खळगे सहजासहजी पडत नाहीत.

मागचं चाक उचलून स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी हाताचं) टोक धरा आणि आडवं हलवा. जरासुद्धा खेळ असेल तर त्याच्या सांध्यातले रबरी बुश गेले. ते हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका, रबर एका बाजूला फाटतं. उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेसवर काढून-बसवून घ्या.

पुढचा टायर हातानं उलटसुलट चोळून बघा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखा लागला तर थरथर त्याचीही असू शकते. आणि टॉपबॉक्स. तो मागच्या आसाच्याही मागं आहे, म्हणजे ६ किलो तिथं ठेवले की तरफेसारखं पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं. बॉक्स काढून त्याच रस्त्यावर त्याच वेगानं चालवा, दोन्ही हात हँडलवर ठेवूनच. फरक पडला तर जड सामान टाकीवरच्या बॅगेत न्या.

हवेचं काय? चेनकव्हरच्या स्टिकरवर आकडा असतो, तो लिहा. ४० मला पटत नाही.

धागाकर्ता

स्टिकरवर पुढं २५, मागं एकट्याला २८, डबलसीट ३२ आहे. कोनसेटला मधोमध खाच लागतेय. बुश ठीक. पुढचा टायर करवतीसारखा नाही.

प्रतिसाद १

मग थरथरीचं मुख्य कारण सापडलं. कोनसेट बदलताना वरच्या-खालच्या दोन्ही वाट्या बदला, नुसत्या गोळ्या नाहीत. गोळ्यांचा कोनसेट आवळायची रीत अशी: नट आवळा, हँडल चार-पाच वेळा टोकापर्यंत फिरवा, मग नट थोडा सैल करा. चाक हवेत असताना हँडल स्वतःच्या वजनानं कडेला पडलं पाहिजे, पण ओढल्यावर खेळ लागता कामा नये. हजारेक किमीनंतर पुन्हा एकदा तपासा, नव्या वाट्या बसतात.

हवा थंड टायरला मोजा, घरातून निघण्याआधी, स्वतःच्या गेजनं. एकट्याला २८ हवी तिथं ४० म्हणजे १२ पीएसआय जादा. बारीक खडी, डांबराच्या कडा, जोड हे सगळं आधी टायरनं गिळायचं असतं. शॉकअपला जागचं हलायलाच काही जोर लागतो, त्याखालचा प्रत्येक धक्का घट्ट टायरमधून थेट तुमच्या मणक्यात जातो. नुसती हवा नीट केली तर अर्धी तक्रार जाईल.

प्रतिसाद २

भावा, रुंद टायर घाल की! गाडी रस्त्याला चिकटून चालते. आणि मागं पाचव्या खाचेवर आहे तेच बरोबर, स्प्रिंग कडक राहते.

प्रतिसाद ३

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि दुसरी फारच पसरलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

खाच वाढवली की स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्याचा व्यास यांवर ठरतो. खाच फक्त स्प्रिंग आधीच दाबून ठेवते, म्हणजे गाडी किती उंचीवर उभी राहणार ते ठरवते. पाचव्या खाचेवर एकटे बसलात तर शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडा राहतो. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच नाही. ते वरच्या टोकाला आपटतं, आणि तीच तुमची उसळी.

मोजून बघा. टेपपट्टी आणि दोन माणसं लागतील.
डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत: आसाच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर, हे अ.
स्टँड काढून, रिकामी गाडी उभी: तेच अंतर, हे ब.
नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसकट बसून, दोन्ही पाय फूटरेस्टवर: हे क. बाजूला एकानं गाडी धरायची.

प्रत्येक वेळी एकदा मागून दाबून हळू सोडा आणि मोजा, मग उचलून हळू सोडा आणि मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. नाहीतर सीलच्या घर्षणानं ४-५ मिमीची गफलत होते. अ वजा ब म्हणजे रिकामी बसक (गाडी नुसत्या स्वतःच्या वजनानं किती खाली बसते ते), अ वजा क म्हणजे स्वारासकट बसक. मागच्या चाकाचा एकूण प्रवास १०० मिमी धरला तर स्वारासकट २५ ते ३३ आणि रिकामी ५ ते १५ ठीक.

पुढं फोर्कच्या चकचकीत नळीवर केबल टाय बांधा, सीलला टेकवा, सावकाश बसा, सावकाश उतरा, चाक उचलून टायपासून सीलपर्यंत मोजा. स्टँडवरून ढकलून उतरलात तर आकडा फुगतो.

रुंद टायरचं थोडक्यात: रिम तीच राहते, त्यामुळं टायर कडेनं आत चिमटला जातो, माथा टोकदार होतो, वळणावर गाडी झुकायला जास्त जोर लागतो, चेनकव्हरला घासण्याची शक्यता वेगळी. मापाचाच टायर घ्या, आणि बाजूवरचा चार आकडी कोड बघून घ्या: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. रोज हायवेवर सरळ चालवून मागचा टायर मधून चपटा झाला असेल तर पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या वळणावर गाडी एकदम कलंडल्यासारखी वाटते. त्याला शॉकअपचा इलाज नाही.

धागाकर्ता

मोजलं. कोनसेट नवा घातला, हवा २५/२८ केली. थरथर गेली.

मागं पाचव्या खाचेवर: रिकामी २ मिमी, एकटा १७, पत्नी आणि बॉक्ससकट ३९.
दुसऱ्या खाचेवर: रिकामी १२, एकटा २७.
पुढं: रिकामी ३४, एकटा ४६. फोर्कचा प्रवास १३० मिमी लिहिलाय.
मागून सीटवर जोरात दाबून सोडलं की तीन वेळा हेलकावतं. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलकट धूळ.

प्रतिसाद ३

आकड्यांनीच उत्तर दिलं. एकट्यासाठी दुसरी खाच, मागची स्प्रिंग तुमच्या वजनाला बरोबर आहे. डबलसीटला पाचव्या खाचेवरही ३९ म्हणजे थोडी जास्तच, खाली ६१ मिमी उरतात, आणि डॅम्पिंग (स्प्रिंगची हालचाल तेलानं रोखणं) मेलंय म्हणून तेवढेही एका झटक्यात संपतात. दाबून सोडल्यावर एकदा वर येऊन थांबायला हवं. तीन हेलकावे आणि तेल गळतंय, म्हणजे मागचे शॉकअप बदलायचेच. पण का बदलतोय ते कळलं: डॅम्पिंगसाठी. दुकानदारानं कितीही सांगितलं तरी फार कडक स्प्रिंगचे घेऊ नका. मूळपेक्षा दहा टक्क्यांनी कडक पुरे. खूप कडक घेतले तर आठवड्याचे सहा दिवस पुन्हा माकडहाड.

घेण्याआधी जुना काढून मोजा: वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी, दोन्ही बुशची आतली भोकं, डोळ्याची रुंदी. लांबी तेवढीच ठेवा. १० मिमी लांब घातला की मागून गाडी उचलते, पुढचा कोन ताठ होतो, साइड स्टँडवर जास्त कलते, चेनचा ताणही बदलतो. वेगळ्या टाकीचा गॅस शॉकअप असेल तर डाव्या बाजूला साडीगार्डला आणि उजवीकडं सायलेन्सरला लागतो का ते पूर्ण दाबून बघा. साडीगार्ड काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रविवारी मागं कोण बसतं ते आठवा. साधे, तेवढ्याच लांबीचे, रिबाउंड (दाबल्यावर परत उघडण्याचा वेग) ॲडजस्ट होणारे मिळाले तर तुमच्या कामाला तेच बरे.

दोन्ही बाजूंची खाच नेहमी सारखी. एक दोनवर, एक तीनवर राहिली तर स्विंगआर्म पिळतो.

प्रतिसाद ४

फोर्कचं मी लिहितो. १३० पैकी ४६ म्हणजे ३५ टक्के, जास्त आहे. ३५ ते ४० मिमीच्या आत आणा. स्प्रिंगवर १० मिमीचा स्पेसर घातला की बसक साधारण तेवढीच कमी होते, म्हणजे ३६. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर नळीच्या आतल्या व्यासापेक्षा १-२ मिमी कमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा तुकडा करून मिळेल, दोन्ही नग तंतोतंत सारखे, कडा मोडलेल्या. पीव्हीसी पाइपचा चालतो, पण स्प्रिंगच्या बाजूला लोखंडी वायसर हवाच, नाहीतर स्प्रिंग पीव्हीसी कातरते आणि तो भुगा तेलात जातो.

तेल एवढ्या किमीला काळं पाणी झालेलं असणार. क्रम असा. इंजिनखाली लाकडी ठोकळा. वरच्या टी-चे (हँडलखाली फोर्क धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट सैल करा आणि फोर्क गाडीवर असतानाच वरची टोपी अर्धा आटा सैल करा, बाहेर काढल्यावर ती धरून उघडणं अवघड. कॅलिपर तारेनं लटकवा, होजवर लोंबू देऊ नका, ब्रेक लिव्हरला हात लावू नका. चाक, मडगार्ड, मग फोर्क खाली ओढा. टोपी उघडताना शेवटच्या दोन आट्यांना तळहातानं खाली दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग टोपी उडवते.

उलटं करून आठ-दहा वेळा वरखाली करून तेल काढा. थोडं नवं तेल घालून धुवा, तेही काढा. मग मॅन्युअलमधल्या मापानं भरा, मोजपात्रानं. पंप करून हवा काढा, दहा मिनिटं थांबा, आणि फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांत ते एकसारखं हवं. मिलीलिटर सारखे घालूनही जुनं तेल कमी-जास्त उरलेलं असतं, म्हणून अंतरच खरं.

तेल मूळ ग्रेडचंच घाला, १०डब्ल्यू असेल तर १०डब्ल्यू (आकडा मोठा तेवढं तेल जाड). डुबकी थांबवायला थेट २०डब्ल्यू घालतात, ती चूक. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं, चाक जितकं झटक्यानं वर येईल तितका अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. जाड तेलानं ब्रेकची डुबकी थोडी हळू होते, पण उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडेवर चाक आदळलं की फोर्क दगडासारखा लागतो. स्पेसर घालूनही मऊ वाटलं तर त्याच कंपनीचं १०डब्ल्यू आणि १५डब्ल्यू अर्धं-अर्धं. कंपनी बदलू नका, एकाचं १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १५डब्ल्यूएवढं जाड असू शकतं. तुलना करायची तर डब्यावरचा ४० अंशांचा सेंटीस्टोक्सचा (तेलाच्या जाडीचा) आकडा बघा.

सील याच वेळी बदला. आणि जोडताना सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: आसाचा नट आवळा, पण पकडीचा बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, मगच तो बोल्ट आवळा. हे नाही केलं तर दोन्ही पाय समांतर बसत नाहीत, फोर्क अडकत चालतो आणि खर्च करूनही गाडी कडकच वाटते.

धागाकर्ता

समजलं. सीट आणि हाताचं?

प्रतिसाद १

सीट: जेलचं आवरण उन्हात तापतं, आणि मऊ फोमवर मऊ थर चढवला की दोन तासांत तळाशी बसतं. सीटवाल्याकडून खाली घट्ट रिबॉन्डेड फोमचा २०-२५ मिमी थर आणि वर १०-१५ मिमी मऊ, असं करून घ्या. टाकीकडचा उतार भरून सपाट करा, तुम्ही ब्रेकला पुढं सरकता आणि सगळा भार मनगटावर येतो. माकडहाडाखाली १० मिमी खोल खाच ठेवा. रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद घालायला सांगा, नाहीतर गगनबावड्याच्या पावसात शिवणीतून पाणी शिरून फोम आठवडाभर ओला राहतो. उंची २० मिमीपेक्षा जास्त वाढवू नका, पाय टेकायला हवेत.

हात: रायझर नंतर. आधी ब्रेक आणि क्लच लिव्हर सैल करून फिरवा, बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा यायला हवी. बहुतेक गाड्यांचे लिव्हर फार वर असतात, मनगट मोडून बसतं, नस दबते. ॲक्सिलेटरला २-३ मिमी खेळ ठेवा. इंजिन माउंटचे बोल्ट तपासा. हँडलच्या टोकाचे जड वजन लावले तर कंप जात नाही, तो वेगळ्या आरपीएमवर सरकतो. तुम्ही ज्या वेगाला जास्त चालवता तिथून सरकला तर फायदा.

रायझर घालायचाच तर २० मिमी, आणि घातल्यावर गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. फिरवताना इंजिन आपोआप रेस होत असेल तर केबल ताणली जातेय, तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. ब्रेक होज कुठं ताणलाय का तेही तेव्हाच बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मागचे शॉकअप आणि फोर्कचं काम एकाच दिवशी केलं तर कशानं काय झालं ते कळणार नाही. आधी पुढचं करा, पुईखडीचा घाट एकट्यानं दोनदा चालवा, केबल टाय तसाच बांधलेला ठेवा. घाट आणि एक जोरातला ब्रेक धरूनही टाय शेवटच्या १०-१५ मिमीच्या अलीकडं थांबत असेल तर पुढं आणखी काही करायचं नाही. तळाला टेकत असेल तर तेलाची पातळी ५ मिमीनं वाढवा, एकदम जास्त नाही, वरची हवा दाबली जाऊन सील बाहेर येतं.